मनगट दुखतं, पण दुखतं ते नक्की काय?

मनगट दुखतंय असं कुणी ताई सांगू लागली की मी हल्ली पहिला प्रश्न एकच विचारते. "ताई, एका बोटानं दाखवा, नक्की कुठं?" बहुतेक जणी आधी दुसऱ्या हाताची मूठ मनगटाभोवती आवळतात आणि म्हणतात, "हे सगळंच." मग जरा थांबून, दाबून बघत बघत बोट एका जागी येतं. कुणाचं अंगठ्याच्या मुळाशी, कुणाचं वर मधोमध, आणि बऱ्याच जणींचं करंगळीच्या बाजूला, जिथं हाडाचा उंचवटा दिसतो त्याच्या जरा पुढं.

या वेळी मुख्यतः त्या करंगळीकडच्या दुखण्याबद्दल लिहितेय. कारण या दुखण्यात बाईचं दुहेरी नुकसान होतं. पडल्यावर ती देवगोई घाट उतरून अक्कलकुव्याला जाते, दिवसाची मजुरी बुडते, गाडीभाडं जातं, एक्स-रे निघतो आणि सांगितलं जातं, "हाड ठीक आहे." घरी येऊन हेच सांगितलं की घरचे म्हणतात, मग आता हंडा उचलायला काय झालं? आणि ती उचलते. तीन महिन्यांनी पिळायला घेतलेली साडी हातातून सुटते, आणि तरीही तिच्या दुखण्याला नाव नसतं.

मी डॉक्टर नाही. पण गावागावांत बैठकांना फिरताना हे इतक्यांदा ऐकलं, की वाचून आणि विचारून घेतलं. जे समजलं ते आपल्या भाषेत मांडते.

कोंबडीची तंगडी सोलताना हाडाच्या टोकाला पांढरं, गुळगुळीत, चकचकीत असं काही दिसतं ना? ती कूर्चा. दोन हाडं एकमेकांवर घासू नयेत म्हणून निसर्गानं लावलेलं अस्तर. आपल्या कानाची पाळी वाकवली की पुन्हा सरळ होते, तीही एका जातीची कूर्चाच. मनगटात अशी एक खास कूर्चा आहे, त्रिकोणी, चिवट, धाग्याधाग्यांची. कोपरापासून मनगटापर्यंत आपल्या हातात दोन हाडं असतात. एक अंगठ्याकडचं, एक करंगळीकडचं. करंगळीकडचं हाड मनगटाच्या छोट्या आठ हाडांना थेट टेकत नाही. त्याच्या टोकावर ही त्रिकोणी चकती बसलेली असते आणि तिच्या कडेनं अस्थिबंधांचे पट्टे असतात. या सगळ्या गठ्ठ्याला डॉक्टर टीएफसीसी म्हणतात. चिठ्ठीवर ही चार अक्षरं दिसली तर घाबरू नका, ती या चकतीचीच आहेत.

चकतीचं काम दोन प्रकारचं. एक म्हणजे हापशातल्या वॉशरसारखं, दाब झेलायचं. हातावर भार आला की साधारण ८० टक्के भार अंगठ्याकडच्या हाडातून जातो आणि २० टक्के या बाजूनं. दुसरं काम दोन्ही हाडं जवळ बांधून ठेवायचं. तळहात उपडा-सुलटा करून बघा. करंगळीकडचं हाड खांबासारखं जागेवर राहतं आणि अंगठ्याकडचं त्याच्याभोवती दारासारखं फिरतं. बिजागरी ढिली झाली तर दार कुरकुरतं, तसं इथं होतं.

आता यात आपल्या कामाचा संबंध बघा. तळहात खाली करून मूठ घट्ट आवळली की करंगळीकडचं हाड किंचित पुढं सरकल्यासारखं होतं आणि चकतीवरचा दाब वाढतो. मनगट करंगळीकडं झुकलं की आणखी वाढतो. त्यात पीळ आला तर चकतीची कडा ताणली जाते. घट्ट मूठ, झुकलेलं मनगट आणि पीळ, ही तिन्ही एकत्र कुठं येतात? साडी पिळताना. कोयत्यानं ऊस तोडताना आणि पाचट पिळून मोळी बांधताना. हापसा मारताना. आणि उन्हाळ्यात आमचूरासाठी कैऱ्या सोलून चिरताना, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत, तोच हात, तीच सुरी, तोच झोक. जोराचा एक धक्का नसला तरी अशी हजारो छोटी वळणं असतात.

१९८९ मध्ये पामर नावाच्या अमेरिकेतल्या डॉक्टरांनी या चकतीच्या इजांची विभागणी केली, ती अजून वापरात आहे. एक गट मार लागून फाटणाऱ्यांचा. उतारावर पाय घसरला, हात टेकला, मनगटाला पीळ बसला, असा. दुसरा गट हळूहळू झिजणाऱ्यांचा. आपल्या बायकांमध्ये दोन्ही एकमेकांत मिसळलेले असतात असं मला वाटतं. आधीच झिजलेल्या चकतीवर एखादं घसरणं पुरतं.

इथपर्यंत बहुतेकींना पटतं. खरा गोंधळ पुढं आहे. आपण धरून चालतो की फाटलं म्हणजे तेच दुखतं. पण कूर्चेला स्वतःला दुखतच नाही! नखाचं टोक कापलं तर दुखतं का? तसंच. या त्रिकोणी चकतीच्या मधल्या भागात ना रक्तवाहिनी जाते ना मज्जातंतू. दुखण्याची बातमी मेंदूपर्यंत पोचवणारी तारच तिथं नाही. तार आहे ती कडेला. चकतीची बाहेरची कडा, तिचे पट्टे, सांध्याच्या आतून लागलेलं पातळ अस्तर, खालचं हाड आणि जवळून जाणारे कंडरे, या सगळ्यांना मात्र चांगलंच कळतं.

हे कुणी कसं शोधलं, याची एक गोष्ट फार भारी आहे. ती मनगटाची नाही, गुडघ्याची आहे, पण तत्त्व तेच. स्कॉट डाय नावाचे अमेरिकेतले हाडांचे डॉक्टर. सांध्यात नक्की काय काय दुखतं हे जाणून घ्यायला त्यांनी स्वतःच्या दोन्ही गुडघ्यांत दुर्बीण घालून घेतली, आणि तीही सांध्याच्या आत भूल न घेता. फक्त कातडीला जिथं भोक पाडायचं तिथं भूल. मग दुसऱ्या डॉक्टरांनी आतला एकेक भाग सळईनं दाबायचा आणि यांनी जागेपणी सांगायचं की किती दुखलं आणि कुठं दुखलं. हा अहवाल १९९८ मध्ये छापून आला. वाटीच्या कूर्चेवर दाबलं तेव्हा त्यांना काहीच जाणवलं नाही. त्या कूर्चेचा काही भाग खराब झालेला होता, तिथंसुद्धा नाही. पण आतल्या पातळ अस्तराला आणि चरबीच्या गादीला नुसता स्पर्श झाला तर कळवळायची पाळी, आणि जागाही बरोबर सांगता आली. काही भाग असे निघाले की दुखतंय हे कळलं, पण नक्की कुठं ते सांगता येईना.

हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की एखादी ताई पूर्ण मूठ आवळून "हे सगळंच" म्हणते तेव्हा ती उगाच बोलत नाही. आतल्या काही भागांची बातमी अशीच पुसट येते. ज्या भागाची स्पष्ट येते तिथं बोट आपोआप जातं.

मग चकतीच्या मधोमध भोक पडलं तर दुखतं कसं? एक तर फाटलेला तुकडा हाडांच्या मधे अडकतो आणि कडेला ओढतो. झिजेचा चुरा अस्तराला टोचतो, अस्तर सुजतं. वरचं संरक्षण गेलं म्हणून खालच्या हाडावर ठोके बसतात, आणि हाडाला दुखण्याची जाण असतेच. वॉशर गेला तर वॉशर ओरडत नाही, दांडा खडखडतो. पट्टा तुटला असेल तर दोन हाडं ढिली पडतात, मूठ वळवताना टक् असा आवाज येतो, आणि आजूबाजूचे स्नायू ते सांभाळता सांभाळता थकून दुखायला लागतात.

यातूनच एक दिलाशाची गोष्ट निघते. जिथं रक्त जातं तिथं भरूनही येतं. कडेची ताजी फाट, जी सगळ्यात जास्त दुखते, तीच नीट आधार आणि विश्रांती मिळाली तर जुळून येण्याची शक्यता जास्त असते. मधली फाट सहसा जुळत नाही, पण ती न जुळताही दुखणं थांबू शकतं, कारण दुखणारे भाग वेगळे आहेत आणि ते शांत होऊ शकतात.

आता पैशाचा विषय. आपल्या गटांत हातापायाच्या एमआरआयसाठी अंतर्गत कर्जाची मागणी अधूनमधून येते. द्यायचं की नाही हे गटानं ठरवावं, माझं म्हणणं एवढंच की आधी काही गोष्टी माहीत असाव्यात.

एक्स-रेत हाड दिसतं, कूर्चा दिसत नाही. म्हणून "एक्स-रे नॉर्मल" याचा अर्थ हाड मोडलेलं दिसत नाही एवढाच. बाईला काही झालेलं नाही असा त्याचा अर्थ नाही. घरच्यांना हे वाक्य वाचून दाखवा हवं तर.

एमआरआयमध्ये चकती दिसते. पण दिसलेली प्रत्येक फाट दुखणारी असते असं नाही. १९७८ मध्ये मिकिच नावाच्या डॉक्टरांनी १०० मृतदेहांची १८० मनगटं उघडून तपासली होती. वीस वर्षांच्या आतल्या एकाही मनगटात चकतीला भोक नव्हतं. वय वाढत गेलं तशी भोकं वाढत गेली, आणि साठीच्या पुढं निम्म्याहून जास्त मनगटांत सापडली. साठीच्या पुढं निम्म्या लोकांचं मनगट काही दुखत नसतं. केस पिकतात तशी चकतीही झिजते. म्हणजे पंचावन्न वर्षांच्या मावशींच्या एमआरआयमध्ये फाट निघाली, तर ती या दुखण्याची असेल किंवा दहा वर्षांपूर्वीची मुकी असेल. फोटो एकटा ते सांगू शकत नाही. मावशींचं बोट कुठं जातं आणि कुठल्या हालचालीला दुखतं, हे त्या फोटोशी जुळलं पाहिजे.

म्हणून एमआरआय लिहून दिला तर डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा. "डॉक्टर, यात फाट निघाली तर माझा उपचार बदलणार आहे का?" बहुतेक वेळा पहिले काही आठवडे पट्टा, विश्रांती आणि व्यायाम हेच असतं, फाट निघो न निघो. हात ढिला पडलाय किंवा ऑपरेशनचा विचार आहे असं डॉक्टर म्हणाले तर तपासणीचा उपयोग आहे, मग कर्ज घ्या. ऑपरेशनपर्यंत गोष्ट गेली तर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते बसतं का, हे त्याच दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारायचं, खासगीत पैसे भरण्याच्या आधी. कधी कधी डॉक्टर सांध्यात भुलीचं इंजेक्शन देऊनही बघतात. थोड्या वेळासाठी दुखणं गेलं तर ते सांध्याच्या आतलं, नाही गेलं तर बाहेर शोधायचं. ही शोधाची पद्धत आहे. दुखणं परत आलं म्हणजे इंजेक्शन फुकट गेलं असं समजू नका.

तुम्ही स्वतः काय बघून ठेवायचं ते आता सांगते. हात ढिला ठेवा. करंगळीच्या रेषेत मनगटाच्या कडेला या. तिथं एका बाजूला हाडाचं टोक लागतं आणि तळहाताच्या बाजूला दोरीसारखी ताठ शीर लागते. दोन्हींच्या मधे एक मऊ खळगा आहे. तिथं अंगठ्यानं दाबा, मग दुसऱ्या हाताच्या त्याच जागी तेवढंच दाबा. दुखऱ्या हाताला तिथं झटकन कळ आली आणि "हेच ते" असं वाटलं, तर चकतीच्या कडेची शंका घ्यायला जागा आहे. जमिनीवरून उठताना तळहात टेकून जोर दिल्यावर त्याच बाजूला कळ येते का, कुलूप उघडताना येते का, ओला रुमाल पिळताना येते का, हेही लक्षात ठेवा. जोर लावून पुन्हा पुन्हा तपासू नका. एकदा बघितलं, बस. यावरून निदान होत नाही, पण डॉक्टरांकडं दोन मिनिटंच मिळाली तरी ती कामी येतात.

बोट दुसरीकडं जात असेल तर कारणही बहुधा दुसरं. अंगठ्याच्या मुळाशी मनगटाच्या कडेवर दुखतं, अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडं झुकवलं की जीव जातो, तर ती तिथल्या कंडऱ्यांच्या आवरणाची सूज. तान्ह्या बाळाला सारखं उचलणाऱ्या आयांना ही फार होते. अंगठा आणि शेजारची दोन बोटं रात्री बधिर होतात, हात झटकल्यावर बरं वाटतं, तर मनगटातून जाणारी नस दाबली जातेय. गरोदरपणात हे वाढतं आणि बऱ्याचदा बाळंतपणानंतर कमी होतं. दोन्ही हातांची मनगटं आणि बोटांचे सांधे सुजलेत, सकाळी तासभर मूठ वळत नाही, तर तो संधिवात असू शकतो. तो रक्ततपासणीनं आणि सांधे बघून ओळखतात, आणि लवकर औषध सुरू झालं तर सांधे वाचतात.

एक जागा मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा. अंगठा ताणून वर केला की मुळाशी दोन शिरांमधे खळगा पडतो. हात टेकून पडल्यावर त्या खळग्यात दुखत असेल तर तिथलं एक छोटं हाड तडकलेलं असू शकतं, आणि पहिल्या एक्स-रेत ही चीर कधी कधी दिसतच नाही. १० ते १४ दिवसांनी पुन्हा काढला की दिसते. त्या हाडाचा रक्तपुरवठा कमजोर, म्हणून दुर्लक्ष झालं तर ते जुळत नाही आणि सांधा कायमचा खराब होतो. पहिला एक्स-रे चांगला आला तरी या खळग्यात दुखत असेल तर दुसऱ्या फेरीचं भाडं वाचवू नका.

आणि आता आपल्या भागाची खास गोष्ट. सातपुड्यात, आपल्या भिल्ल आणि पावरा समाजात, सिकलसेल पुष्कळ आहे. यात रक्तातल्या लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हाडाला रक्त न मिळाल्यानं भयंकर दुखतं. हे दुखणं मनगटात आलं तर कुणालाही वाटेल की काम करून लचकलं. फरक असा, की ते बहुधा एका बिंदूवर नसतं. हातात, पाठीत, पायात, छातीत, एकाच वेळी किंवा आलटून पालटून येतं. थंडी, ताप, पाणी कमी पिणं, उन्हातली जास्त मेहनत, यानंतर येतं. पीळ दिला तरच दुखतं असं नसतं, स्वस्थ पडलं तरी ठणकतं. लहान लेकरांत तर दोन्ही हातांचे किंवा पायांचे पंजे सुजणं हे सिकलसेलचं पहिलं लक्षण असू शकतं. बाळ मार न लागता हात सुजवून रडत असेल तर त्याला मालिश करत बसू नका, दवाखान्यात न्या.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं आणि त्यात ४० वर्षांपर्यंतच्या सगळ्यांची तपासणी करायची असं ठरलं आहे. आपल्या किती सभासदांची तपासणी झाली आहे? घरच्या लेकरांची? आशाताईला विचारा. माझं स्पष्ट मत आहे की सतत हातपाय दुखण्याची तक्रार असलेल्या आपल्याकडच्या बाईची सिकलसेल तपासणी एमआरआयच्या आधी व्हायला हवी. ती सरकारी दवाखान्यात फुकट होते.

याला जोडूनच गोळ्यांचं सांगते. बाजाराच्या दिवशी मेडिकलमधून डायक्लोफेनॅकची पट्टी घ्यायची आणि महिनाभर एकेक खायची, हे मी जवळजवळ प्रत्येक गावात बघितलंय. दुखणं दबतं, काम होतं, आणि फाटलेली कडा आणखी ताणली जाते. शिवाय या गोळ्यांनी पोटात जखम होते, मूत्रपिंडाला त्रास होतो. सिकलसेल असलेल्यांचं मूत्रपिंड आधीच नाजूक असतं. गरोदर बाईनं, त्यातही पाचव्या महिन्यापुढं, या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात घेऊ नयेत. दर आठवड्याला एक सुई टोचून पाठवणाऱ्याकडं जात असाल तर त्यानं कधी बोट लावून विचारलं का की कुठं दुखतं, एवढं आठवून बघा.

हाड बसवणाऱ्या जाणत्या माणसाकडं आपल्या बायका का जातात हे मला समजतं. तो जवळ असतो, रात्रीही भेटतो, आपल्या बोलीत बोलतो आणि अर्धा तास हात हातात घेऊन बसतो. पण फाटलेल्या कडेला झटका देऊन ओढलं तर फाट वाढते. आणि बांबूच्या कामट्या आवळून बांधल्यावर बोटं गार पडली, निळी झाली, मुंग्या आल्या किंवा दुखणं कमी होण्याऐवजी वाढतच गेलं, तर कुणाच्या परवानगीची वाट न बघता ते ताबडतोब सोडायचं आणि दवाखाना गाठायचा. बोटांचं रक्त अडलं तर हात जाऊ शकतो.

पडल्याबरोबर घरी काय करायचं? सगळ्यात आधी त्या हातातल्या बांगड्या, कडं, अंगठी काढा. सूज चढल्यावर निघत नाही आणि मग तेच आवळतं. सवाष्णीनं बांगडी उतरवायची नाही असं सासूबाई म्हणाल्या तर दुसऱ्या हातात घाला, दोन्ही हात झाकले जातात. माठातल्या पाण्यात भिजवलेलं फडकं थोड्या थोड्या वेळानं ठेवा. पातळ पुठ्ठा किंवा फळीचा तुकडा खालून लावून ओढणीनं सैलसर बांधा, हात छातीच्या उंचीवर ठेवा. तेल रगडू नका. मनगट वाकडं दिसतंय किंवा बोटं बधिर आहेत तर त्याच दिवशी मोलगी नाहीतर अक्कलकुव्याचं ग्रामीण रुग्णालय, आणि तिथून पाठवलं तर नंदुरबारचं जिल्हा रुग्णालय. गाडी नसेल तर १०८. सांधा लालभडक, गरम, आणि सोबत ताप असेल तरी थांबायचं नाही, सांध्यात पू होत असेल तर दिवसांचा नाही, तासांचा प्रश्न असतो.

पट्टा दिला तर सहसा चार ते सहा आठवडे. इथं गाडी अडते. सहा आठवडे भाकरी कोण थापणार? पाणी कोण भरणार? डॉक्टर "विश्रांती घ्या" लिहून मोकळे होतात. माझ्या अनुभवात जिथं गटानं लक्ष घातलं तिथंच विश्रांती झाली. एका पाड्यावर सख्यांनी महिनाभर एकेक हंडा आळीपाळीनं त्या ताईच्या दारात ठेवला. नवऱ्यानं दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवसापासून तो स्वतः हापशावर दिसू लागला. (हा उपाय कुठल्या पुस्तकात नाही, पण लागू पडतो.)

पट्टा सुटल्यावर लगेच जुन्या जोमानं लागायचं नाही. आधी बोटं आणि मनगट नुसतं हलवायचं, मग हलकं उचलायचं, मग पीळ. साडी पिळण्याऐवजी दाबून पाणी काढा आणि निथळत टाका, किंवा खांबाला वेढा देऊन दोन्ही हातांनी एका दिशेनं ओढा. हंडा उचलताना तळहात वरच्या बाजूला, हंडा अंगाजवळ. कोयत्याची, सुरीची मूठ बारीक असेल तर चिंधी गुंडाळून जाड करा, बारीक मुठीला जास्त आवळावं लागतं. धार लावून घ्या. बोथट सुरीनं कैरी चिरायला जो जास्तीचा जोर लागतो तो सगळा मनगटातून येतो. आणि ज्या गटांचं आमचूराचं काम एकत्र चालतं त्यांनी हंगामाच्या आधी एक ठराव घ्यावा असं मला वाटतं. सोलणं, चिरणं, वाळत घालणं, भरणं ही कामं दर दीड-दोन तासांनी बदलायची. वेगानं चिरणारीलाच दिवसभर चिरायला बसवलं तर माल जास्त निघतो खरा, पण पुढच्या हंगामात तिचा हात चालेलच असं नाही.

काही जणींचं दुखणं सगळं भरून आल्यावरही उरतं. बरेच महिने दुखत राहिलं की मज्जातंतूच हळवे होतात, साध्या हालचालीलाही दुखल्याची बातमी पाठवतात. ते नाटक नसतं. त्यालाही हळूहळू वाढवत न्यायचा व्यायाम आणि पुरेशी झोप लागते, आणि घरच्यांचा विश्वास लागतो.

ज्या सख्या दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात त्यांच्यासाठी एक शेवटचं. हात दुखावला असेल तर एक्स-रेची फिल्म, चिठ्ठ्या आणि सिकलसेलच्या तपासणीचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत न्या, गावी पेटीत ठेवू नका. तिकडच्या डॉक्टरांना जुनी फिल्म दिसली तर नव्यातला फरक कळतो. १० ते १४ दिवसांनी दुसरा एक्स-रे सांगितला असेल आणि मुकादमाची गाडी त्याआधी निघणार असेल, तर तारीख आपल्या सीआरपी ताईला सांगून ठेवा. फोनवर आठवण करायचं काम ती करेल.